तिला राग आला नाही का?

रविवारी सकाळी आमच्या बस्तीत मुलांची पाठशाळा भरते. अभिषेक आटपला की मागच्या हॉलमध्ये चटया पसरतात आणि तासभर पंधरा-वीस मुलं आमच्या ताब्यात असतात. णमोकार मंत्र, तीर्थंकरांची नावं, त्यांची लांछनं हे शिकवायला दुसऱ्या बाई आहेत. माझ्याकडे फक्त गोष्ट. काही मुलं घरी मराठी बोलतात, काही कन्नड, आणि आपापसात सगळीच हुबळीचं कन्नड बोलतात. त्यामुळे माझी गोष्ट म्हणजे दोन्ही भाषांची खिचडी असते. मुलांना त्याचं काही वाटत नाही.

महावीर जयंतीच्या आधीच्या रविवारी मी चंदनेची गोष्ट घेतली. तुम्हाला ती ठाऊकच आहे. वैशालीच्या चेटक राजाची धाकटी लेक. बागेत खेळताना एका विद्याधरानं पळवली आणि रानात सोडून दिली. तिथून ती कौशांबीच्या वृषभदत्त शेठच्या घरी आली. शेठनं मुलगी मानली. शेठाणी सुभद्रेच्या मनात मात्र संशय शिरला. तिनं पोरीच्या पायात बेड्या घातल्या आणि कोद्रूचा भात मातीच्या परळात घालून पुढं सरकवायला सुरुवात केली. मग एके दिवशी भगवान आहारासाठी आले, तिनं तोच भात दिला, बेड्या गळून पडल्या. पुढं ती छत्तीस हजार आर्यिकांची प्रमुख झाली. माझ्या श्वेतांबर मैत्रिणीकडे नावं वेगळी आहेत. शेठ धनावह, शेठाणी मूला, आणि भाताऐवजी सुपातले उडदाचे बाकळे. पण परक्या घरात वाढणारी पोर, मायाळू शेठ आणि खवळलेली शेठाणी हे दोन्हीकडे सारखंच.

गोष्ट संपली. खांबाला टेकून बसणारी एक दहा वर्षांची मुलगी आहे, कधी काही विचारत नाही. त्या दिवशी तिनं हात वर केला. "आकीगी सिट्ट बरलिल्लेन्री?" तिला राग आला नाही का हो?

मी म्हणाले, "नाही बाळ, चंदना फार क्षमाशील होती. म्हणून तर तिच्या दारी भगवान आले." मुलांनी माना डोलावल्या. तिनंही डोलावली.

घरी येऊन भाकरी थापताना ते उत्तर मला टोचायला लागलं. पुराणकार सांगतात की तिनं ते आपल्याच पूर्वकर्माचं फळ मानलं आणि सोसलं. सोसलं, हे खरं. पण सोसणं आणि राग न येणं या दोन गोष्टी आहेत, आणि मी त्या एक करून टाकल्या. शिवाय ज्या मुलीला हे उत्तर दिलं, ती कोण आहे हे मला ठाऊक होतं.

ती आमच्या ओळखीच्या एका जोडप्याकडे राहते. त्यांची नात्याची नाही, जातीची नाही. तिचं नाव, शाळा, गल्ली सांगायला कायद्यानंच मनाई आहे, आणि नसती तरी मी सांगितलं नसतं. इंग्रजीत त्याला 'फॉस्टर केअर' म्हणतात, मराठी कागदांवर 'प्रतिपालकत्व' किंवा 'संगोपन', आणि आपण बायका बोलताना म्हणतो, 'सांभाळायला आणलंय'. पुष्कळजणी त्याला दत्तकच समजतात. तसं नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ४४ वं कलम याच्यासाठी आहे. मूल आपल्या आईबापांचंच राहतं, आडनाव बदलत नाही, घराचा वारसा मिळत नाही. बालकल्याण समिती त्याला एका घरात ठेवते आणि अधूनमधून येऊन पाहते. त्याच्या खर्चासाठी मिशन वात्सल्य योजनेतून महिना ४,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. २०२४ साली केंद्रानं नव्या सूचना काढल्या. त्यानुसार ३५ ते ६० वयाच्या एकट्या बाईलाही असं मूल सांभाळता येतं, आणि मूल कायद्यानं मोकळं झालेलं असेल तर दोन वर्षांनी त्यालाच दत्तक घेण्याची वाट उघडते. पूर्वी पाच वर्षं थांबावं लागे. नाहीतर मूल परत जातं. आईवडिलांची घडी बसली की त्यांच्याकडे, नाहीतर दुसरीकडे.

दत्तक आपल्या समाजात नवं नाही. जैन विधवेला नवऱ्याच्या परवानगीवाचून दत्तक घेता येतो, हे आपल्या रूढीवर बोट ठेवून प्रिव्ही कौन्सिलनं १८७८ सालीच मान्य केलं होतं. बाई म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो. पण तो दत्तक कशासाठी असे? घराण्यासाठी, दुकानासाठी, वाड्यासाठी. घराला मूल हवं असे. इथं मुलाला घर हवं असतं, आणि तेही कदाचित दोन-चार वर्षांपुरतं. घेणाऱ्याच्या हाती शेवटी काहीच राहत नाही. म्हणूनच की काय, घेणारे फार थोडे.

त्या जोडप्यातल्या बाईंनी मला एकदा भाजीबाजारात गाठून विचारलं, "काकू, पोरीला बटाटा फार आवडतो. काय करू?" त्यांच्या घरी कंदमुळं येत नाहीत. बस्तीत हा विषय निघाला तेव्हा एकीनं कर्मबंध कुणाला लागेल याचाच हिशेब मांडला. दुसरी म्हणाली, आपल्या घरात आली आहे तर आपलं खाईल, सवय होईल. मला ते पटलं नाही. व्रत ज्यानं घेतलं त्याचं असतं. या पोरीनं घरसुद्धा निवडलेलं नाही. तिच्या ताटात माझं व्रत वाढणं म्हणजे माझ्या पुण्याचा खर्च तिच्या खात्यावर टाकणं. त्या बाईंनी शेवटी आपला मार्ग काढला. शनिवारी संध्याकाळी नवरा तिला घेऊन उणकल तळ्यावर जातो. तिथं ती गिरमिट खाते, कांदा घालून, मिरची भजी खाते, आणि बटाटा मिळाला तर तोही. स्वयंपाकघराचा नेम तसाच राहिला. पोर शनिवारची वाट पाहते.

मी हे सगळं शहाणपणानं लिहिते आहे, पण माझ्या घरात काय झालं तेही सांगायला हवं.

१९९९ साली यांच्या मावसभावाची मुलगी आमच्याकडे आली. आई गेलेली, वडील इचलकरंजीला मागावर पाळीनं कामाला. ती नऊ वर्षांची होती आणि माझी मुलगी पाच. लग्न होईपर्यंत बारा वर्षं ती आमच्याकडे होती. तेव्हा कुठली समिती नव्हती, कागद नव्हता. नात्यातली पोर नात्यात वाढते, यात कुणाला काही विशेष वाटत नसे. (महाराष्ट्रात अशा घरांना बालसंगोपन योजनेतून आता थोडी मदत मिळते, पण आमचा तो प्रश्नच नव्हता.) सगळे म्हणायचे, काय शहाणी पोर आहे. ती पहाटे उठून आपलं अंथरूण घडी करून ठेवी. दुसऱ्यांदा भात मागत नसे. माझी मुलगी हट्ट करून जमिनीवर लोळायची, ही कोपऱ्यात गृहपाठ करायची. मला वाटे, माझ्या वळणाचा गुण.

आली त्याच वर्षी माझी लोणच्याची बरणी नाहीशी झाली. निपाणीहून माहेरची आणलेली, चिनी मातीची. मी सगळीकडे शोधली. चौथ्या दिवशी तिच्या बोटाला चिंधी दिसली, म्हणून दप्तर उघडलं, तर वहीच्या कागदात गुंडाळलेले तुकडे. चार दिवस ती ते शाळेत नेत होती आणि परत आणत होती. बाहेर टाकले तर कुणी बघेल. मी म्हणाले, "एवढंच ना, सांगायचं की मला." आणि मी रागावले नाही याचं मलाच कौतुक वाटलं. नऊ वर्षांच्या पोरीला माझं एवढं भय का वाटावं, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

दुसरी गोष्ट फोटोची. २००३ साली आम्ही वरचा मजला बांधला. गृहप्रवेशाला निपाणीची माणसं आली होती. जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांचा एक फोटो घ्यायचा ठरलं. मी तिच्या हातात कॅमेरा दिला. "तू काढ गं, तुझा हात स्थिर आहे." तो फोटो अजून आमच्या हॉलमध्ये आहे. सासूबाई खुर्चीवर, आम्ही मागं, माझी मुलगी पुढं फेंगाडी बसलेली. कित्येक वर्षं मी त्यावरची धूळ पुसली. त्यात कोण नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही.

'पोटच्या पोरीसारखं वाढवलं' असं आपण किती सहज म्हणतो. पोटच्या पोरीबद्दल बोलताना हा 'सारखं' कुणी वापरत नाही.

आता गोष्टींकडे येते, कारण माझा मूळ विचार तोच आहे. घरात गोष्टींचा साठा पुष्कळ होता. मुलींना मी साने गुरुजींची श्यामची आई वाचून दाखवली, जशी माझ्या आईनं मला दाखवली होती. १९३५ सालापासून ते पुस्तक घराघरात आहे, आणि असावं. पण ज्या मुलीला आई नाही तिला मी ते रोज रात्री वाचून दाखवत होते. ती ऐकायची, शहाण्यासारखी. कृष्णाची गोष्ट सांगितली. आपल्या हरिवंशपुराणातही तो गोकुळातच वाढतो. पण यशोदेचं घर ही मथुरेला जाण्याआधीची धर्मशाळा. त्याचं खरं काम पुढं असतं आणि ती मागं राहते. चंदनेच्या गोष्टीतही तेच. वाढवणारं घर हे संकट, आणि सुटका म्हणजे तिथून बाहेर पडणं. परक्या घरी वाढणाऱ्या पोरीनं यातून काय घ्यायचं? एकतर तू मुळात राजकन्या आहेस, कुणीतरी येईल. नाहीतर मुकाट्यानं सोस, फळ मिळेल.

एक कर्ण तेवढा वेगळा. कुंती आपलं नातं सांगते, कृष्ण राज्य देऊ करतो, आणि तो म्हणतो की मला पाहून जिला पान्हा फुटला ती राधा माझी आई, अधिरथ माझा बाप. वाढवलेल्या घराला तो सोडत नाही. त्याची सगळी गोष्ट संतापानं भरली आहे, हेही खरं. कदाचित म्हणूनच शिवाजी सावंतांचं मृत्युंजय आमच्या त्या मुलीनं कॉलेजात असताना तीनदा वाचलं. मी तेव्हा म्हणाले होते, "पुरे की आता, अभ्यासाचं बघ."

माझी मुलगी आता पुण्यात असते. तिनं मला दोन इंग्रजी पुस्तकं पाठवली. मी धारवाडला बी.ए. केलं आहे, पण इंग्रजी सावकाश वाचते. दुपारच्या वामकुक्षीचे बारा-पंधरा दिवस त्यात गेले. पहिलं १९०८ सालचं, ॲन ऑफ ग्रीन गेबल्स. म्हाताऱ्या बहीण-भावाला शेतकामासाठी अनाथाश्रमातून मुलगा हवा असतो, चुकून मुलगी येते. 'कामासाठी' हा शब्द तिथं लपवलेला नाही. त्या काळी ब्रिटनमधून एक लाखाच्या वर मुलं कॅनडाला धाडली गेली, त्यातली बरीचशी शेतावर आणि घरकामाला. ॲन गोड आहे, बडबडी आहे, सगळ्यांना जिंकते. मला आवडली. पण पुन्हा तेच. जिंकून घ्यावं लागतं.

दुसरं कॅथरीन पॅटरसन यांचं, १९७८ चं. नायिका गिली हॉपकिन्स, अकरा वर्षांची. एका घरातून दुसऱ्या घरात फेकत फेकत ट्रॉटर नावाच्या जाड्या, अडाणी वाटणाऱ्या बाईकडे येते. ती पोर द्वाड आहे. शिव्या देते, मारामारी करते, पैसे चोरून पळून जायला बघते. पहिली पन्नास पानं मला ती अजिबात आवडली नाही. मी पुस्तक मिटून ठेवलं. मग एकदम उमगलं की ही तर आमच्या पोरीची उलटी बाजू आहे. जे एकीनं दप्तरात लपवलं ते दुसरी भिंतीवर फेकते. भय दोघींचं एकच.

आणि त्या ट्रॉटरबाई! त्या सगळं बघतात आणि पोरीला घालवून देत नाहीत. चोरी झाल्यावरसुद्धा तिच्यासाठी समाजसेविकेशी भांडतात. शेवट मात्र सुखाचा नाही. गिली आईला खोटंनाटं पत्र लिहून बसलेली असते. त्यामुळे कधी न पाहिलेली आजी तिला न्यायला येते, नेमकं तेव्हा, जेव्हा ट्रॉटरबाईंचं घर तिचं घर झालेलं असतं. जिची वाट पाहिली ती आई येते, तीही आजीनं पैसे दिले म्हणून, चार दिवसांपुरती. हे मुलांचं पुस्तक आहे बरं का, आणि त्याला अमेरिकेतला मोठा सन्मान मिळाला आहे. पॅटरसनबाईंनी स्वतः दोन कंबोडियन मुलं थोडे दिवस सांभाळली होती. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, असं म्हणून आपण मुलांच्या अडचणी बाजूला सारतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्या खजील होण्यातून पुस्तक निघालं. त्यांना ते थोड्या दिवसांत कळलं. मला बारा वर्षं जवळ असून कळलं नाही.

आपल्याकडे दानाचे चार प्रकार सांगतात. आहार, औषध, शास्त्र आणि अभय. पहिली तीन मोजता येतात. किती जेवली, किती औषधं केली, किती शिकवलं, हे आम्ही त्या मुलीच्या बाबतीत मोजलंही, तिच्यासमोर. "तुला काही कमी केलं का?" हे वाक्य सासूबाई बोलल्या, यांनी एकदा म्हटलं, मीही म्हटलं असेन. चौथं दान राहिलं. अभय म्हणजे जीवाला मारू नये एवढंच मी समजत होते. बरणी फुटली तरी हे घर फुटणार नाही, उलट बोलले तरी रात्री इथंच झोपायचं आहे, हेही अभयच की. माझ्या पोटच्या मुलीला ते फुकट मिळालं होतं. म्हणून ती जमिनीवर लोळू शकत होती.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं नाव अशा वेळी आपल्यात हमखास निघतं. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींच्या पोरांना त्यांनी जेवू घातलं, आजारपणं काढली, आणि पैसे संपले तेव्हा अंगावरचं सोनं दिलं, मंगळसूत्रसुद्धा. आपल्याच समाजातली, सोवळ्यात वाढलेली बाई. १९३० साली गेल्या. भाषणांत त्यांच्या सोन्याबद्दल फार बोलतात. मला विचारायचं असतं ते वेगळंच. ती पोरं त्यांच्याशी भांडत होती का? रुसून जेवण टाकत होती का? टाकत असतील तर त्या माउलीनं सोन्याहून मोठं काही दिलं असं मी म्हणेन. पण हे कुणी लिहून ठेवत नाही.

काहीजणींना वाटेल, मी कृतज्ञताच नको म्हणते आहे. तसं नाही. वाढवलेल्याची जाण असावी. पण ती आतून उगवते, तिची वसुली होत नाही. आणि मुलांच्या गोष्टीत ती आपण वसूल करतो. नायिका कृतज्ञ असेल तरच तिला शेवट चांगला देतो. नसेल तर ती गोष्टीतली वाईट पोर. खऱ्या पोरी ते बरोबर हेरतात.

पर्युषण संपल्यावर क्षमावाणीला आपण सगळ्यांना हात जोडतो. हल्ली फोनवर एक मेसेज दोनशे जणांना जातो, जिच्याशी कधी बोललो नाही तिलाही. या वर्षी मी मेसेज पाठवला नाही. त्या मुलीला फोन केला. ती आता इचलकरंजीतच दिली आहे, तिची मुलगी तिसरीत आहे. इकडचं तिकडचं झालं. भाव वाढले, पाऊस थांबत नाही. मग मी म्हणाले, "तो गृहप्रवेशाचा फोटो आहे ना, त्यात तू नाहीस. मला आता दिसलं. माझं चुकलं गं."

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग हसली. "काकी, चांगला आला होता की तो. मीच काढला होता ना." आणि थोड्या वेळानं, मुलीला मागं काहीतरी ओरडून सांगून झाल्यावर, ती म्हणाली, "पण तेव्हा राग आला होता मला. लई राग आला होता."

मी "हं" म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही. तिनं विचारलं, बरणी पुन्हा घेतली का तसली? मी सांगितलं, नाही, आता प्लास्टिकच्याच आहेत.

पाठशाळेतली ती मुलगी अजून येते, खांबाला टेकूनच बसते. परत महावीर जयंती येईल, चंदनेची गोष्ट पुन्हा सांगायची वेळ येईल. शेठाणीनं मातीचं परळ पुढं सरकवलं तिथं मला थांबायचं आहे, आणि मुलांना विचारायचं आहे की तेव्हा चंदनेला काय वाटलं असेल. पंडितजींना विचारून ठेवलं आहे. ते म्हणाले, पुराणात तसं नाही. मी म्हणाले, पुराणात नसू दे, मुलं सांगतील.